कामगार संघटना आणि स्त्री-कामगार : तीन निवाड्यांचा बोध

वेतन आणि नोकरीची शाश्वती ह्या दोन आधारांवर कामगाराचे जीवन उभे असते. स्त्री-कामगाराच्या बाबतीत ह्या दोहोंना विवाह, मातृत्व आणि ‘बायकांचे काम हलके’ हा रूढ समज अशा तीन बाजूंनी धक्का बसत आला आहे. त्याचे निवारण करण्यात कामगार संघटना कितपत उपयोगी पडतात, हे सर्वोच्च न्यायालयाच्या तीन निवाड्यांवरून समजून घेता येईल.

पहिला निवाडा १९६५ चा. मुंबईतील एका औषध कंपनीच्या एका विभागात स्त्री-कामगाराचा विवाह होताच तिची सेवा समाप्त करण्याचा नियम होता. बॉम्बे लेबर युनियनने ह्या नियमाविरुद्ध औद्योगिक विवाद उपस्थित केला. विवाहित स्त्रिया अधिक गैरहजर राहतात, असा कंपनीचा युक्तिवाद होता. न्यायाधिकरणात संघटनेला यश आले नाही. तथापि सर्वोच्च न्यायालयाने नियम रद्द केला. मुलांमुळे गैरहजेरी वाढते असे म्हणावे, तर मुले असलेल्या विधवेच्या बाबतीतही तेच घडेल, असे न्यायालयाने दाखवून दिले.

दुसरा निवाडा १९८७ चा. मुंबईतील एका नौवहन कंपनीत महिला लघुलेखिकांना त्याच कामासाठी पुरुष लघुलेखकांहून कमी वेतन मिळत असे. एका लघुलेखिकेने १९७६ च्या समान वेतन कायद्यान्वये दाद मागितली. तेव्हा कर्मचारी संघटनेशी १९७५ मध्ये झालेला करारच कंपनीने पुढे केला. संघटनेची संमती असली तरी विषमता वैध ठरत नाही आणि आर्थिक अडचण हीही सबब चालणार नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला.

तिसरा निवाडा ८ मार्च २००० चा. दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावर रोजंदारीने राबणाऱ्या स्त्रियांना प्रसूती रजा नाकारली जात होती. त्या कायम सेवेत नाहीत, हे कारण सांगितले जाई. संघटनेने हा प्रश्न न्यायाधिकरणापुढे नेला आणि अखेरीस १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याचे संरक्षण ह्या स्त्रियांनाही मिळाले.

ह्या तिन्ही निवाड्यांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. ज्या स्त्रीची नोकरीच टांगणीला लागलेली असते, तिला एकटीने वर्षानुवर्षे न्यायालयीन लढा देणे कठीण जाते. संघटना तो भार उचलू शकते. मात्र करार करताना स्त्रियांचे म्हणणे ऐकले गेले नाही, तर संघटनेच्या स्वाक्षरीनेच त्यांच्यावर अन्याय होऊ शकतो. म्हणून स्त्रियांनी केवळ वर्गणी भरून न थांबता कार्यकारिणीत यावे आणि कराराचा मसुदा स्वतः वाचावा.

असंघटित क्षेत्रातील स्त्रियांना हा मार्ग बंद आहे असे नाही. १९७२ मध्ये अहमदाबादेत इलाबेन भट यांनी ‘सेवा’ ही संस्था कामगार संघटना म्हणून नोंदविली. फेरीवाल्या व डोक्यावरून ओझी वाहणाऱ्या स्त्रियांना ठराविक मालक नाही, मग संघटना कोणाविरुद्ध, अशी शंका नोंदणीच्या वेळी निघाली होती. संघटना कोणाविरुद्ध नसून कामगारांच्या एकजुटीसाठी असते, हे पटवून देऊन ती नोंदणी मिळविण्यात आली.

पुढे समान वेतनाचे तत्त्व २०१९ च्या वेतन संहितेतही समाविष्ट झाले. कायदा हक्क देतो. तो पदरात पाडून घेण्यास मात्र जागरूक संघटना आणि तीत बोलणारी स्त्री, ह्या दोहोंची आवश्यकता आहे.