आवड, अभ्यास आणि आजीविका



दरवर्षी दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या विहारात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. पुष्पगुच्छ, वह्या, प्रमाणपत्र दिले जाते. कार्यक्रम संपल्यावर पालक पायऱ्यांवर थांबून एकच प्रश्न विचारतात, "सर, आता याला कुठं घालायचं?" ज्याच्याबद्दल हा प्रश्न असतो तो शेजारीच मान खाली घालून उभा असतो. त्याला कोणी विचारत नाही. आणि ज्यांना कमी गुण मिळाले ती मुले तर त्या दिवशी विहाराकडे फिरकतच नाहीत. प्रस्तुत लेख या दोघांसाठी आहे.

१. कालामांचा प्रश्न

भगवान बुद्ध कोसल देशातील केसपुत्त या गावी गेले असता तेथील कालाम लोकांनी त्यांच्यापुढे एक अडचण मांडली. गावात अनेक आचार्य येतात, प्रत्येक जण आपलेच मत खरे म्हणतो आणि दुसऱ्याचे खोटे ठरवतो. मग विश्वास कोणावर ठेवावा? तथागतांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा, की केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून कोणतीही गोष्ट स्वीकारू नका. ती स्वतः तपासा. अहितकारक आढळली तर सोडा, हितकारक आढळली तर तिचा अंगीकार करा.

आज दहावी झालेला विद्यार्थी कालामांच्याच जागी उभा आहे. मामा म्हणतात, सायन्सच घे. मित्र म्हणतात, आपण सगळे एकाच कॉलेजात जाऊ. खाजगी क्लासचा फलक सांगतो, आमच्याकडे आलात तरच डॉक्टर व्हाल. या सर्वांचे ऐकून घ्यावे, परंतु तपासल्याशिवाय कोणाचेही मानू नये. आणि मित्रांनो, हाच नियम आपल्या स्वतःच्या मनालाही लावावा. एखादा चित्रपट पाहून पोलीस अधिकारी व्हावेसे वाटणे, ही अजून आवड झालेली नाही.

२. आवड कशी तपासावी?

आवड कामातून तपासावी लागते. चित्रकला आवडते ना? मग एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसा. वर्षभर रोज रेषा काढूनही कंटाळा आला नाही तर ती आवड खरी. यंत्रे आवडतात ना? ओळखीच्या गॅरेजमध्ये सुट्टीतला एक महिना काढा. शिकवणे आवडत असेल तर विहाराच्या अभ्यासिकेत पाचवीच्या मुलांना अपूर्णांक शिकवून पाहा. ज्या कामातील कंटाळवाणा भागही आपण करू शकतो, ते काम आपले असण्याचा संभव अधिक.

आमच्या वस्तीतील एका मुलाची हकीकत सांगतो. आठवीपासून तो साऱ्या चाळीचे पंखे आणि मिक्सर दुरुस्त करीत असे. दहावीला बरे गुण पडले म्हणून सर्वांनी मिळून त्याला सायन्सला घातले. क्लासच्या फीसाठी आईने कानातले मोडले. बारावीत तो नापास झाला, पुन्हा बसला, पुन्हा नापास झाला आणि घराबाहेर पडेनासा झाला. शेवटी त्याने आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घेतला, शिकाऊ उमेदवारी केली आणि पुढे तंत्रनिकेतनातून पदविकाही घेतली. आज तो स्वतःच्या पायावर उभा आहे. त्याची आई मला म्हणाली, "पोराला काय येतं ते आम्हाला दिसत होतं, पण त्यालाही शिक्षण म्हणतात हे आम्हाला ठाऊक नव्हतं." ही चूक त्या माउलीची नाही. शिकलेल्या आम्हा मंडळींनी तिला वेळीच माहिती द्यायला हवी होती.

३. बाबासाहेबांचा मार्ग सरळ होता काय?

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्या आपण भाषणातून मोजतो. त्या पदव्यांच्या मधली वर्षे मात्र फार कमी जण पाहतात. शाळेत त्यांना संस्कृत शिकायचे होते. ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने संस्कृत आत्मसात केले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१५ मध्ये एम. ए. झाले. त्यानंतर लंडनमध्ये अर्थशास्त्र आणि कायदा या दोन्हींचा अभ्यास त्यांनी सुरू केला. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये तो अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. बडोद्याच्या नोकरीत अपमान सोसावा लागला. १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले आणि पगारातून पैसे साठवू लागले. ती शिल्लक, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये त्यांना डी. एस्सी. मिळाली आणि त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

मध्ये खंड पडला, पण त्यांनी अभ्यास सोडला नाही. ज्या विद्यार्थ्याचे एखादे वर्ष वाया गेले आहे, त्याने १९१७ ते १९२० ही तीन वर्षे जरूर आठवावीत.

४. अभ्यासाची तार

सोण नावाचा भिक्खू श्रीमंत घरातून आला होता. चंक्रमण करता करता त्याच्या पायांतून रक्त आले, तरी चित्त स्थिर होईना. निराश होऊन घरी परतावे असे त्याच्या मनात आले. तो पूर्वी उत्तम वीणा वाजवीत असे, हे तथागतांना ठाऊक होते. त्यांनी विचारले, वीणेची तार फार ताणली तर ती वाजते काय? फार सैल सोडली तर वाजते काय? सोणाने दोन्ही वेळा नाही म्हटले. प्रयत्नाचेही तसेच आहे, असे तथागतांनी त्याला समजावले.

परीक्षेपूर्वी आठ दिवस रात्रभर जागणे ही ताणलेली तार आणि वर्षभर हातात मोबाईल ही सैल तार. रोज दोन तास, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अभ्यास करावा. घरात जागा नसेल तर विहाराची अभ्यासिका आपलीच आहे. यात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. तथागतांनी सोणाला त्याच्याच आवडीच्या भाषेत समजावले. शिक्षक आणि पालकांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

५. वाटा आणि कागदपत्रे

दहावीनंतर कला, वाणिज्य, विज्ञान, आयटीआय आणि पदविका अशा अनेक वाटा आहेत. एक वाट धरली की दुसरी कायमची बंद झाली, असे समजू नये. आयटीआय उत्तीर्ण विद्यार्थ्याला पदविकेच्या आणि पदविकाधारकाला अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय आहे. नोकरी करीत शिकणाऱ्यांसाठी १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना १९४४ पासूनची आहे. आज तिचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावा लागतो. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. परंतु कागदांअभावी हाती आलेला प्रवेश निसटतो, हे आम्ही वारंवार पाहतो. म्हणून जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावी-बारावीतच करावा. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला किंवा गावाकडील जुनी नोंद आजच शोधायला घ्या.

६. स्वतःला विचारावयाचे प्रश्न

वहीच्या पहिल्या पानावर पुढील प्रश्नांची उत्तरे लिहावीत आणि सहा महिन्यांनी पुन्हा वाचावीत.

१) कोणते काम मी कोणी न सांगता करतो?
२) त्या कामातील कष्टाचा भाग मी प्रत्यक्ष करून पाहिला आहे काय?
३) ते काम करणाऱ्या एका तरी माणसाशी मी बोललो आहे काय?
४) त्यातून माझे आणि आईवडिलांचे पोट भरेल काय?
५) त्या कामाने कोणाचे अहित तर होणार नाही ना? सम्यक आजीविकेची हीच कसोटी आहे.

शेवटी पालकांना एक विनंती. सिगाल नावाच्या तरुणाला केलेल्या उपदेशात मुलाला कला-कौशल्य शिकविणे हे आईवडिलांचे कर्तव्य सांगितले आहे. ते पार पाडताना मुलाला एकदा तरी शेजारी बसवून विचारा, "बाळ, तुला काय करावंसं वाटतं?" आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या. पुढील वर्षीच्या सत्कार समारंभाला कमी गुण मिळालेल्या मुलांनाही घेऊन या. मार्गदर्शनाची खरी गरज त्यांनाच आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!