सामान लावण्याआधी मीटर लावा

हैदराबादच्या आबिड्समध्ये राहून डीजेचा धंदा करणाऱ्याला सामानाची ददात नाही. दिवे आणि वायरी ट्रूप बाजारात, स्पीकर, अ‍ॅम्प, मिक्सर कोठीच्या गुजराती गल्लीत. नवी पोरं पहिल्याच फेरीत शार्पी दिवे आणि मोठे बेस स्पीकर उचलतात. मी त्यांना आधी साधा मल्टिमीटर घ्यायला लावतो. त्याला कारण आहे.

एका लग्नात वरात दारात आली आणि लाइट गेली. हॉलवाल्यांनी जनरेटर चालू केला. मंडपातले बल्ब क्षणभर पांढरेफटक पेटले, पाठोपाठ अ‍ॅम्पमधून जळका वास आला नि मिक्सर कायमचा गेला. हॉलच्या पॅनेलमध्ये न्यूट्रल ढिला होता. थ्री फेजमध्ये न्यूट्रल सुटला की २३० व्होल्ट २३० राहत नाहीत; ज्या फेजवर लोड कमी, तिथे ते चारशेकडे चढतात. आमचा साउंड नेमका त्याच फेजवर. एमसीबी पडला नाही, कारण तो जादा करंट ओळखतो, जादा व्होल्टेज नाही.

म्हणून टेम्पोतून सामान उतरलं की आधी बोर्डावर मीटर लावा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. नसेल तर हॉलच्या इलेक्ट्रिशियनला बोलवा. वरात थांबली तरी चालेल. जनरेटर सुरू होताना आपलं मेन बंद ठेवा, मोजून मगच चढवा. आपल्या बोर्डात जादा व्होल्टेजला लाइन तोडणारा रिले बसवून घ्या. जळलेल्या मिक्सरपुढे त्याची किंमत काहीच नाही.

डिमरची लाइन साउंडपासून वेगळी घ्या, नाहीतर स्पीकर गुणगुणतात. ती गुणगुण घालवायला काहीजण प्लगची अर्थची पिन कापतात. कृपा करून हे करू नका. माइक ओठांशी धरून गाणाऱ्याच्या जिवावर बेतेल.

उघड्या मैदानावरचं काम घेताना वेळ आधी ठरवा. २००० च्या ध्वनी नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. धार्मिक मिरवणुकीत डीजे लावायला हैदराबाद पोलिसांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये बंदी घातली, त्यामुळे त्या कमाईच्या भरवशावर कर्ज काढू नका.

आणि आगाऊ रक्कम घेतानाच कागदावर लिहून घ्या, की हॉलच्या लाइटमुळे सामान जळलं तर भरपाई कोण देणार. आम्हाला त्या रात्रीचा एक रुपयाही मिळाला नाही.