आधी तपासलेला पेपर दाखवा

माझं इंग्रजी कच्चं नव्हतं, हे पहिल्यांदा सांगते. बी.एस्सी. केमिस्ट्रीचे सगळे पेपर मी इंग्रजीत लिहिलेत. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीच्या स्पेक्ट्रो लॅबला आहे, रोजचे रिपोर्ट इंग्रजीतच जातात. अडायचं ते बोलताना. बाहेरच्या ऑडिटरनं विचारलं, या हीटला (एका वेळी वितळवलेल्या धातूत) मँगेनीज का वाढलं, तर कारण मला माहीत असायचं, पण उत्तर साहेब द्यायचे आणि तेही अर्धवट. मला क्लास हवा होता तो एवढ्यासाठी, आणि कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका क्लासच्या काउंटरवर मी हे स्पष्ट सांगितलं होतं.

त्यांनी लेव्हल टेस्ट घेतली. थोड्या वेळानं आतून सर आले. ‘ग्रामर फारच वीक आहे मॅडम, तुम्हाला लाँग बॅचच लागणार. मराठी मीडियमवाल्यांना वेळ लागतोच.’ लाँग बॅच म्हणजे दुप्पट फी, 14,000 रुपये, एकरकमी. डेमो घेणाऱ्या मॅडम खरोखर चांगल्या शिकवायच्या. फी भरल्यावर त्या पुन्हा दिसल्या नाहीत.

बॅचमध्ये बारावीची मुलं, दुकान सांभाळणारे एक काका, आयईएलटीएसची तयारी करणारा नर्सिंगचा मुलगा, सगळे एकाच खोलीत. फळ्यावर काळांचा तक्ता, आम्ही तो वहीत उतरवायचा. बोलायला मिळायचं एखादं वाक्य, तेही स्वतःची ओळख करून देण्याचं.

आपण नेमकं कुठं चुकतो ते बघावं म्हणून मी टेस्टचा पेपर मागितला. काउंटरवरच्या मुलीनं ड्रॉवरमधून रबर लावलेला गठ्ठा काढला आणि म्हणाली, ‘तुमचा तुम्हीच शोधा.’ अख्ख्या बॅचचे पेपर होते. एकाही पेपरवर पेनाची खूण नाही. बरोबर नाही, चूक नाही, मार्क नाहीत. कोपऱ्यात मात्र प्रत्येकावर, एकाच हस्ताक्षरात, ‘लाँग’. आमच्यात सगळ्यांत सफाईनं बोलणाऱ्या त्या नर्सिंगच्या मुलाच्या पेपरवरही तेच. तो गठ्ठा हातात धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. ड्यूटी करून आल्यावर रात्री व्याकरणाचं पुस्तक घेऊन बसत होते मी, सरांच्या एका शब्दावर.

सरांना विचारलं तर म्हणाले, ‘अनुभवानं कळतं मॅडम, पेपर बघायची गरज नसते.’ पैसे परत मागितले तर त्यांनी पावती उलटी करून बारीक अक्षरं दाखवली. आणि वर, ‘शिकायची इच्छा पाहिजे.’ ज्या गावात 1880 पासून राजाराम कॉलेज आहे आणि मराठी घरांतली मुलं तिथं इंग्रजीतून शिकत आली, त्या गावात मराठी माध्यमाच्या नावानं हे ऐकून घ्यायचं!

म्हणून सांगते. टेस्ट घेतली तर तपासलेला पेपर मागा आणि तो बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. पातळी ‘बेसिक’, ‘अॅडव्हान्स’ अशी नको. ए1 ते सी2 या युरोपीय मोजपट्टीवर कुठं बसता ते विचारा. ती सगळीकडं चालते, आणि ज्याला ती सांगता येत नाही त्याला तुमचं इंग्रजी मोजता येत नाही. ‘90 दिवसांत फाडफाड’ वाचलंत की हिशेब करा. केंब्रिजच्या परीक्षा मंडळाच्या अंदाजानं बी1 वरून बी2 ला जायला शिक्षकासोबतचे सुमारे 200 तास लागतात. रोजच्या एका तासानं ते 90 दिवसांत कसे भरणार?

डेमो घेणारेच शिकवणार का, बॅचमध्ये किती जण, एका तासात प्रत्येकाला किती मिनिटं बोलायला मिळणार, हे लेखी घ्या. आपल्या कामाचे शब्द कागदावर लिहून न्या. माझ्या यादीत हीट नंबर, ब्लोहोल, रिजेक्शन होतं. शिकवणाऱ्यानं ती यादी बाजूला सारली, तेव्हाच ओळखायला हवं की हा क्लास कामाचा नाही. ‘विद्यापीठमान्य’ म्हणाले तर मान्यतेचं पत्र मागा, आणि शिवाजी विद्यापीठात जाऊन स्वतः खात्री करा. क्लासशिवायही वाटा आहेत. इग्नूचा फंक्शनल इंग्लिशचा सर्टिफिकेट कोर्स आहे. ‘स्वयम’वर फी न भरता शिकता येतं, पैसे फक्त परीक्षेला बसायचं असेल तर. रोज वाचा, ऐका, हे तर आहेच.

फी हप्त्यानं भरा. केंद्र सरकारनं जानेवारी 2024 मध्ये कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पूर्ण फी भरून मधेच सोडणाऱ्याला उरलेल्या काळाचे पैसे 10 दिवसांत परत द्यावेत, असं त्यात आहे. या सूचना 50 पेक्षा जास्त विद्यार्थ्यांच्या क्लासेससाठी आहेत आणि अंमल राज्यांकडं, म्हणून त्यावर विसंबून बसू नका. ग्राहक कायदा मात्र आहेच. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क नाही. पावती, जाहिरातीचं पत्रक, व्हॉट्सअॅपवरचे मेसेज, काहीही टाकून देऊ नका.

माझे पैसे अजून परत आलेले नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर मी तक्रार नोंदवली आहे. त्या बॅचमधल्या बाकीच्यांनीही नोंदवावी.