मृगाआधी राजदूतची सीट

जुन्या मोटारसायकलचं सीट कव्हर बदलायचं असेल तर आपल्या सावली-मूलच्या भागात त्याचा खरा हंगाम एकच, उन्हाळ्याचा शेवट. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा रेक्झिन अंगणात ठेवताच मऊ पडतं आणि ताणायला फार जोर लागत नाही. ७ जूनच्या आसपास मृग लागतो. त्याच्या आत हे काम उरकलं नाही, तर फाटक्या शिवणीतून शिरलेलं पाणी पावसाळाभर फोममध्ये मुरून राहतं. कव्हर वरून सुकलेलं दिसतं, पण बसलं की पँट ओली होते, आणि खाली पत्रा गंजत असतो.

इथे राजदूत अजून चालते. पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीच्या बांधणीवरून एस्कॉर्ट्सने साठच्या दशकात ती आणली. १७५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन आणि दणकट पत्रा. 'बॉबी'मध्ये (१९७३) ऋषी कपूरने चालवलेली छोटी राजदूत सिनेमाने गाजवली, पण गावाने जपली ती मोठी. दुधाचे कॅन, धानाचं पोतं आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकाला निघालेलं अख्खं घर तिने वाहिलं. कुणाकडे म्हैसूरची येझदी असेल, कुणाकडे बुलेट. पुढची कृती थोड्याफार फरकाने त्यांनाही लागू पडते, कारण या सगळ्यांच्या सीटचा तळ पत्र्याचा आहे. आजच्या गाड्यांच्या प्लास्टिकच्या तळाला कव्हर पिना मारून बसवतात. जुन्या पत्र्याच्या काठाला बहुतेक वेळा दात असतात आणि तेच कव्हर चावून धरतात.

सुरुवातीला फाटलंय कुठे ते पाहा. टाकीजवळ फाटलं असेल तर चालवणारा पुढे घसरतोय, म्हणजे फोम पुढच्या बाजूला बसलाय. मागच्या कडांवर फाटलं असेल तर तो पोत्याच्या दोरीचा घास आहे. मधली शिवण उसवली असेल तर दोरा कुजलाय. नुसतं नवं कव्हर चढवलं आणि हे कारण तसंच राहिलं, तर त्याच जागी ते पुन्हा जाणार.

सामान फार नाही. चपटा पेचकस, पक्कड, लाकडी ठोकळा, हलका हातोडा, तारेचा ब्रश, रेड ऑक्साइड, काळा रंग, रबरावर आधारलेला चिकट गोंद, खडू आणि धारदार ब्लेड. रेक्झिन घेताना उलटी बाजू बघा. मागचं कापड विणीचं आणि घट्ट हवं. पातळ जाळीचं असेल तर टाक्याच्या भोकातून फाटत जातं. दीड मीटर घेतलं की चुकीला जागा राहते.

सीट काढण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा, विशेषतः पट्टी आणि कोपऱ्यातल्या चुण्यांचे. नट-बोल्ट गंजले असतील तर आदल्या रात्री त्यांच्यावर गंज सोडवणारं तेल सोडा. जोर करून बोल्ट तुटला तर सीटचं एका दुपारचं काम वेल्डिंगच्या दुकानात जाऊन बसतं. सीट उलटी करून गोणपाटावर ठेवा. धरायचा पट्टा आणि काठाची चमकती पट्टी आधी सोडवा. त्या पट्टीचे स्क्रू नवे मिळतात, पट्टी मिळणं कठीण, म्हणून ती वाकू देऊ नका. हातमोजे घाला. कोठ्यात बरीच वर्षं पडलेल्या सीटमध्ये उंदराचं घर असतं, कधी विंचूही निघतो.

दात उचलणं हे या कामातलं सगळ्यात नाजूक पाऊल. पेचकसाचं टोक दाताखाली सरकवून तो कव्हर सुटेल इतकाच उचला, पूर्ण सरळ उभा करू नका. जुना पत्रा दोन-चार वेळा वाकला की मुळातून तुटतो, आणि दोन-तीन शेजारचे दात गेले की तिथे कव्हर कायम ढिलं राहतं. तुटलेल्या दातांच्या जागी पत्र्याला बारीक भोकं पाडून रिव्हेट आणि वॉशरने कव्हर धरता येतं. दिसायला ते मूळसारखं नाही, पण टिकतं.

जुनं कव्हर ओरबाडून काढू नका, तेच तुमचं माप आहे. त्याच्या नाकावर, शेपटीवर आणि दोन्ही बाजूंच्या मध्यावर खडूने खुणा करा, मग शिवणी ब्लेडने उसवून तुकडे सुटे करा. जाड कागदावर ठेवून त्यांची आखणी करा, शिवणीसाठी एक सेंटिमीटर धरा आणि दातांखाली जाणारा काठ मोकळा ठेवा. वर्षानुवर्षं ताणलेलं रेक्झिन मूळ मापापेक्षा थोडं वाढलेलं असतं. म्हणून वरच्या तुकड्याला आखणीनंतर रुंदीत थोडं कमी करा, नाहीतर नवं कव्हर पहिल्याच दिवशी सुरकुत्या धरेल.

आता पत्रा. बहुतेक लोक इथेच घाई करतात आणि माझं भांडण त्याच घाईशी आहे. कव्हर कितीही चांगलं असलं तरी गंजलेल्या पत्र्यावर ते दोन पावसाळे काढत नाही, कारण गंजाने धारदार झालेला काठ त्याला आतून कापत राहतो. तारेच्या ब्रशने गंज पार खरवडा, आरपार गेलेली जागा वेल्डरकडून भरून घ्या, धार पॉलिश पेपरने मोडा. रेड ऑक्साइडचा हात द्या, तो सुकल्यावर रंगाचे दोन हात. पत्र्याला तळाशी भोकं असतात. ती पाणी निथळण्यासाठीही आहेत, रंगाने किंवा गोंदाने बुजवू नका.

फोम हाताने दाबून बघा. दाबल्यावर लगेच वर येत नसेल किंवा बोटाला भुगा लागत असेल तर तो संपला. नवा घेताना पाहुण्यांच्या गादीचा मऊ फोम नको. घनता ४० किंवा त्याहून जास्त सांगा. फक्त पुढची बाजू बसली असेल तर तेवढाच तुकडा कापून कडक फोम जोडला तरी भागतं. गोंद दोन्ही बाजूंना लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं आणि मग एकदाच नीट जागेवर टेकवायचं. गोंदाची वाफ पेट घेते, म्हणून हे काम उघड्यावर, चुलीपासून आणि गाडीच्या टाकीपासून दूर करा. कडा हॅकसॉच्या पात्याने कापा आणि पॉलिश पेपरने गोल करा. फोमवर पातळ प्लास्टिक पसरलं तर कव्हर सहज सरकतं आणि शिवणीतून आलेलं पाणी आत जात नाही. मात्र ते वरून आणि बाजूंनीच असावं. खालूनही गुंडाळलं तर शिरलेला ओलावा कधीच बाहेर पडणार नाही.

शिवणकाम घरच्या मशीनवर रेटू नका. बॅगा शिवणाऱ्याचं किंवा सीटमेकरचं जड मशीन हवं, १८ नंबरची सुई आणि टाका चार मिलिमीटरच्या आसपास. टाके फार जवळ पडले तर रेक्झिनला भोकांची रांग पडते आणि ते त्या रेषेवर फाटतं. दोरा नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा. सावली हे खादीचं गाव आहे. १९३६ साली गांधी सेवा संघाचं अधिवेशन इथे भरलं, गांधीजी आले होते, आणि सुताबद्दलचा इथला अभिमान रास्तच आहे. पण सीटच्या शिवणीत सूत घालू नका. ते पाणी पितं, कुजतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात शिवण आपोआप उघडते. शिवणीची आतली घडी खालच्या बाजूला वळवून वरून दुसरी टीप मारायला सांगा, म्हणजे पाणी शिवणीत न थांबता ओघळून जातं.

तयार कव्हर उलटं करून उन्हात टाका. मे महिन्यात पाच-दहा मिनिटं पुरतात. हाताला चटका बसू लागला की उचला. आधी नाक चढवा आणि तिथले दोन-तीन दात अर्धवट दाबा. मग शेपूट ओढून तिथले. मधली शिवण टाकीच्या मधोमध येते का, हे सीट गाडीवर ठेवून लांबून पाहा. आत्ता ती सरकवता येते, नंतर नाही. मग बाजू, मध्यापासून सुरू करून एक दात डावा, एक उजवा. एक बाजू पूर्ण करून दुसरीकडे गेलात तर शिवण वाकडी जाणारच. ताण इतकाच द्या की सुरकुती जाईल. फोमची कड दबून सपाट झाली तर जास्त झालं. कोपरे शेवटी. तिथल्या जास्तीच्या रेक्झिनला खालच्या बाजूने छोटे काप द्या आणि चुण्या दाताखाली लपवा. सगळं मनासारखं दिसलं की दात लाकडी ठोकळा मध्ये धरून हलक्या हाताने ठोका. उरलेला काठ दीड सेंटिमीटर ठेवून कापा. पट्टी, पट्टा, खालचे रबर बसवा. ते रबर चपटे झाले असतील तर बदला, नाहीतर पत्रा चासीवर घासून रंग जातो.

पहिले आठ दिवस गाडी नेहमीसारखी वापरा. फोम बसेल आणि बाजूला थोडी ढील दिसेल. तेव्हा पुन्हा एकदा उन्हात ठेवून मधले दात उचलून ओढून घ्या. डिझेल किंवा रॉकेलने सीट पुसायची सवय सोडा. चमक येते, पण रेक्झिन कडक होऊन तडकतं. साबणाचं पाणी आणि ओलं फडकं पुरे. पोतं बांधताना दोरीखाली गोणपाटाची घडी घाला.

गाडी पन्नास वर्षांच्या वरची असेल आणि तुम्हाला तिची विंटेज म्हणून नोंदणी करायची असेल, तर केंद्राच्या २०२१ च्या नियमांत गाडी मूळ रूपात असण्यावर भर आहे, आणि अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर काढता येत नाही. तेव्हा रंग, पायपिंग आणि टाक्यांच्या रेषा जुन्या तुकड्यांवरून जशाच्या तशा घ्या. शेतावर जाणाऱ्या गाडीला हा हट्ट नको. तिला जाड, किंचित खरखरीत रेक्झिन घ्या, ओल्या कपड्यांनी बसलं तरी माणूस घसरत नाही.

हे सगळं स्वतः करायचं नसेल, तर मूल, गडचिरोली किंवा चंद्रपूरच्या सीटमेकरकडे सीट द्या, पण पत्रा घरी साफ करून रंगवूनच न्या, कारण तेवढा वेळ तो देणार नाही. दोरा कुठला घालणार ते आधी विचारा. आणि जुना फोम त्याने तुमच्यासमोर उघडून दाखवल्याशिवाय नव्या कव्हरचा भाव ठरवू नका.