पाणी का बोलते?

विद्यार्थी मित्रांनो, अकोल्याचा मे महिना तुम्हांला माहीत आहेच. घरोघरी कूलर लागतात. ड्रम उंच ओट्यावर असला, की आपण रबरी नळी पाण्याने भरून कूलरमध्ये सोडतो. पाणी आपोआप खाली उतरते. नळी पूर्ण भरलेली असते, तोवर आवाज होत नाही. ड्रममधले पाणी संपत आले, की मात्र ती 'घुर्र घुर्र' करू लागते. कारण आता तिच्यात पाण्याबरोबर हवाही शिरते.

आमच्या शाळेच्या वाचनालयात माशांची मोठी काचेची टाकी आहे. तिच्या कडेला एक कप्पा आहे. जास्तीचे पाणी त्या कप्प्यात पडते आणि नळीने खालच्या टबात जाते. तेथे ते गाळले जाते आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. पण ती नळी दिवसभर गुरगुरत असे. मुख्याध्यापक म्हणाले, "आवाज थांबला नाही, तर टाकी येथून हलवावी लागेल." सर्वांची तोंडे उतरली. तेव्हा नववीतली एक मुलगी म्हणाली, "सर, ही तर आमच्या कूलरच्या नळीसारखीच बोलते!"

तिचे म्हणणे बरोबर होते. आम्ही एका नळीऐवजी तीन नळ्या बसवल्या. पहिलीचे तोंड पाण्यात खोल ठेवले आणि तिला खाली व्हॉल्व्ह लावला. दुसरीचे तोंड थोडे वर ठेवले, तिसरीचे त्याहूनही वर.

मग पंप सुरू केला. पहिलीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा होता. ती इतके पाणी ओढू लागली, की कप्प्यातली पातळी उतरली आणि नळीत हवा शिरली. आम्ही व्हॉल्व्ह किंचित बंद केला आणि काही मिनिटे थांबलो. पुन्हा किंचित फिरवला, पुन्हा थांबलो. पातळी हळूहळू वर आली. शेवटी पहिली नळी पाण्याने पूर्ण भरून वाहू लागली आणि उरलेली बारीक धार दुसरीच्या आतल्या बाजूने उतरू लागली. वाचनालय शांत झाले!

"पण सर, तिसरी नळी तर कोरडीच आहे. ती कशाला?" मुलांनी विचारले. उत्तर पुढच्याच आठवड्यात मिळाले. पाणवनस्पतीचे एक पान पहिल्या नळीत अडकले. पाणी चढले आणि तिसरी नळी मोठ्याने गुरगुरू लागली. शिपाईचाचा आवाज ऐकून धावत आले. जमिनीवर पाण्याचा एक थेंबही सांडला नव्हता आणि मासे सुखरूप होते.

वीज गेली, की पंप थांबतो आणि वरचे थोडे पाणी खाली येते. म्हणून खालच्या टबात नेहमी जागा मोकळी ठेवावी.

मित्रांनो, मोर्शी तालुक्यात अप्पर वर्धा धरण आहे. पावसाळ्यात पाण्याची आवक पाहून त्याचे दरवाजे कमीजास्त उघडतात. धरण असो वा माशांची टाकी, येणारे आणि जाणारे पाणी सारखे राखावे लागते. त्यासाठी घाई नको, नजर हवी. आणि जी नळी कोरडी दिसते, ती निरुपयोगी समजू नका.

शब्दार्थ : पातळी – पाण्याची उंची, आवक – येणारे पाणी, सुखरूप – सुरक्षित, निरुपयोगी – उपयोग नसलेली.

स्वाध्याय
१. नळीतून आवाज केव्हा येतो?
२. व्हॉल्व्ह थोडा थोडा का फिरवला?
३. तिसऱ्या नळीचा उपयोग तुमच्या शब्दांत लिहा.