आधी चुना वाचा, मग खत ठरवा

माती परीक्षणाचा अहवाल हाती आला की बहुतेक शेतकरी ‘कमी’ हा शेरा कुठे आहे ते पाहतात आणि ते अन्नद्रव्य देणारे खत शोधायला निघतात. सेंद्रिय शेतीकडे वळलेलेही हेच करतात. युरियाच्या जागी पेंड येते आणि डीएपीच्या जागी रॉक फॉस्फेट, एवढाच काय तो फरक. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत अहवाल वाचण्याची ही रीत पैसा आणि वर्षे दोन्ही वाया घालवते, असे माझे ठाम मत आहे. इथे वाचनाची सुरुवात सामू आणि मुक्त चुना या दोन आकड्यांपासून व्हायला हवी. बाकीच्या आकड्यांचा अर्थ त्यांच्यावरूनच लागतो.

लोहाचेच पाहा. वेरूळची लेणी ज्या बेसाल्टात कोरली, तसलाच खडक झिजून आपली माती झाली आणि त्या खडकात लोह मुबलक असते. तरीही चुनखडीच्या रानात मोसंबीची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि अहवालात लोह 4.5 पीपीएमच्या खाली दिसते. याचे कारण असे की प्रयोगशाळा मातीतले एकूण लोह मोजत नाही, पिकाला उचलता येईल तेवढ्याचाच अंदाज देते. सामू एका अंकाने वाढला की विरघळलेले लोह सुमारे हजारपटीने घटते. जस्तही याच कारणाने 0.6 पीपीएमच्या मर्यादेखाली जाते आणि स्फुरद चुन्याशी बांधला जातो. कोठारात धान्य आहे, पण दाराला कुलूप आहे, अशी ही अवस्था आहे.

ते उघडण्याचे काम सेंद्रिय कर्ब करतो. शेणखत कुजताना तयार होणारी सेंद्रिय आम्ले लोह-जस्ताला धरून विद्राव्य ठेवतात आणि जिवाणू थोडा थोडा स्फुरद मोकळा करतात. म्हणून कर्ब 0.5 टक्क्यांच्या खाली असेल तर पहिला खर्च त्याच्यावर करावा. आम्ल जमिनीसाठी सांगितलेले उपाय मात्र इथे आणू नयेत. लाकडाची राख कोकणातल्या जांभ्या मातीला मानवेल. इथे ती सामू आणखी चढवते, शिवाय काळ्या मातीत पालाश सहसा पुरेसा असतोच. रॉक फॉस्फेट विरघळायला आम्लता लागते. 8 सामूच्या रानात ते नुसते फेकले तर वर्षानुवर्षे तसेच पडून राहते. ते शेण आणि काडीकचऱ्याबरोबर कंपोस्टच्या खड्ड्यात कुजवूनच वापरावे.

यावर कोणी म्हणेल, गंधक टाकून सामूच खाली आणू. हिशेब करून पाहावा. एकरभर रानाच्या वरच्या अर्ध्या फुटात सुमारे 9 लाख किलो माती असते. तीत 10 टक्के चुना म्हणजे 90 टन चुना, आणि तो संपवायला जवळपास 29 टन गंधक लागेल. हे कोणालाच परवडणारे नाही. थोडे गंधक पिकाची गंधकाची गरज भागवील, जमिनीचा स्वभाव बदलणार नाही. जिप्सम हा सोडियम वाढलेल्या चोपण जमिनीवरचा उपाय आहे; तो चुना कमी करत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: जनावरे कमी झाली, मग शेणखत आणायचे कुठून? शिवाय 5 टन चांगल्या शेणखतात नत्र साधारण 25 किलो असते आणि त्यातला काही भागच पहिल्या हंगामात पिकाला मिळतो. म्हणून सगळा भार शेणखतावर टाकू नये. पऱ्हाटी न जाळता बारीक करून कुजवावी, कपाशीनंतर फेरपालटात तूर घ्यावी, ताग किंवा धैंचा फुलोऱ्यात येताच गाडावा. एवढे करूनही जस्त कमीच राहिले तर झिंक सल्फेट शेणखतात मुरवून द्यावे. प्रमाणित सेंद्रिय शेतीत मात्र आधी प्रमाणीकरण संस्थेची परवानगी घ्यावी. बागेत पाणी साचू देऊ नये, कारण चुनखडीच्या ओलसर जमिनीत लोह आणखी अडकते. वापसा राखणे हाही अन्नद्रव्यांचाच उपाय आहे.

मग अहवालावर विश्वास किती ठेवायचा? 2015 साली सुरू झालेल्या जमीन आरोग्य पत्रिका योजनेत बागायतीत 2.5 हेक्टरला आणि जिरायतीत 10 हेक्टरला एक नमुना, असे धोरण होते. त्यामुळे पत्रिकेतला आकडा शेजारच्या रानाचाही असू शकतो. तिच्यातल्या 12 घटकांत मुक्त चुनाही नाही. म्हणून रब्बीची काढणी झाल्यावर, खत घालण्यापूर्वी, स्वतःच्या रानाचा नमुना स्वतः घ्यावा: नागमोडी चालत 8-10 ठिकाणी वीतभर खोल, बांध, झाडाची सावली आणि उकिरडा टाळून. फळबागेत खालच्या थरांचेही वेगळे नमुने घ्यावेत. प्रयोगशाळेला चुना तपासायला मुद्दाम सांगावे. कर्ब 0.1 टक्क्याने वाढवायचा तर एकरी 900 किलो कर्ब मातीत टिकावा लागतो आणि आपल्या उन्हात तो भराभर जळतो. तेव्हा फरकाची वाट एका हंगामात पाहू नये. तीन वर्षांनी त्याच रानातून, त्याच महिन्यात पुन्हा नमुना द्यावा आणि दोन्ही अहवाल शेजारी ठेवून पुढचे खत ठरवावे.