ओझे उचलण्याची विद्या

[ओझे उचलणे हे केवळ बळाचे काम आहे, असा समज सर्वत्र आढळतो. प्रस्तुत पाठात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी आपल्या हातून घडलेली एक चूक सांगितली आहे. ओझे उचलणे हे शिकून करावयाचे काम आहे आणि ते सुरक्षित करण्याची जबाबदारी काम सांगणाऱ्यावरही असते, हे त्यांनी त्यातून पटवून दिले आहे.]

मुलांनो, लिहिणे, वाचणे, पोहणे या गोष्टी शिकाव्या लागतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. परंतु ओझे उचलणेही शिकावे लागते, असे कोणी म्हटले तर तुम्ही हसाल. ‘त्यात शिकायचे ते काय? अंगात बळ असले की झाले!’ असे तुम्ही म्हणाल. मलाही पुष्कळ वर्षे तसेच वाटत होते. एका प्रसंगाने माझे डोळे उघडले. दुःख एवढेच की, त्या धड्याची किंमत मी मोजली नाही. ती दुसऱ्याच एका माणसाला मोजावी लागली.

मी तेव्हा एका गावच्या शाळेत नुकताच मुख्याध्यापक झालो होतो. जून महिन्याचे दिवस होते. नव्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे घेऊन टेंपो आला आणि ते शाळेच्या उघड्या ओट्यावर उतरवून निघून गेला. इतक्यात पश्चिमेकडून आभाळ भरून आले. शाळेचे शिपाई पन्नाशीचे होते. सारी शाळा त्यांना ‘मामा’ म्हणे. मी कार्यालयाच्या दारातून ओरडलो, “मामा, पाऊस आला! गठ्ठे आत घ्या, लवकर!” मामा धावले. गुडघे ताठ ठेवून ते कमरेत वाकले, दोन गठ्ठे त्यांनी एकदमच उचलले आणि वाकल्या वाकल्याच ते दाराकडे वळले. त्याच क्षणी त्यांच्या तोंडून “आई गं!” असा शब्द बाहेर पडला आणि ते मटकन खाली बसले. पुस्तके भिजली नाहीत. मामा मात्र दीड महिना अंथरुणाला खिळले. “मणक्यातली गादी सरकली आहे,” असे डॉक्टरांनी सांगितले.

मी त्यांना भेटावयास त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी विहिरीवरून पाण्याची घागर घेऊन येत होत्या. पूर्वी ते काम मामा करीत. मला पाहताच मामा उठण्याची धडपड करू लागले. मी त्यांना पडून राहण्यास सांगितले. ते ओशाळून म्हणाले, “सर, चूक माझीच झाली. घाईघाईत नीट उचललं नाही.” ते शब्द ऐकून मला थोडे हायसे वाटले, हे मी येथे प्रांजळपणे कबूल करतो. चूक त्यांची होती, म्हणजे ती माझी नव्हती!

पुढील वर्षी पुस्तकांचा टेंपो आला, तेव्हा त्याच्याबरोबर एक वयस्क हमाल होते. मी सहज त्यांचे काम पाहत उभा राहिलो. त्यांनी आरंभी गठ्ठ्यांना हातच लावला नाही. आधी ते ओट्यापासून खोलीपर्यंतची वाट चालून आले आणि उंबरठ्याशी पडलेली सुतळी त्यांनी बाजूला केली. नंतर एक गठ्ठा किंचित हलवून त्याच्या वजनाचा अंदाज घेतला. मग गठ्ठ्याच्या अगदी जवळ उभे राहून त्यांनी पाय खांद्यांइतके फाकवले, एक पाऊल थोडे पुढे टाकले, ते गुडघ्यांत वाकले आणि गठ्ठा दोन्ही हातांनी पक्का धरून पोटाशी घेतला. उठताना हिसका नव्हता. सारा जोर पायांचा होता. वळताना त्यांनी कंबर मुरडली नाही, पावले वळवली. गठ्ठा खाली ठेवतानाही त्यांनी तीच रीत पाळली.

मी विचारले, “काका, हे आपण कोठे शिकलात?”

“आमच्या मुकादमानं शिकवलं, गुरुजी. ते म्हणायचे, ओझं हातांनी उचलण्याआधी डोळ्यांनी उचलावं.”

“आणि ओझे फारच जड असले तर?”

“तर जोडीदाराला हाक मारावी. हाक मारायची लाज धरली की पाठ जाते.” असे म्हणून ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, “पण गुरुजी, शिकलं-सवरलं तरी शंभर किलोचं पोतं शंभर किलोचंच राहतं. तरुणपणी आम्ही तसली पोती वाहिली. नीट उचलणारे गडीसुद्धा चाळिशीत वाकलेले मी पाहिले आहेत.”

त्यांच्या बोलण्यातील दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्या दोन्ही आपण नीट समजून घेऊ.

पहिली गोष्ट रीतीची. विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही तरफेचा अभ्यास केला असेल. टेकू, भार आणि बल हे तरफेचे तीन घटक होत. ओझे उचलताना आपली पाठही तरफेसारखे काम करते. कमरेचा मणका हा टेकू, हातांतील ओझे हा भार आणि पाठीच्या स्नायूंची ओढ हे बल. हे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटर अंतरावर असतात. समजा, २० किलोचे ओझे आपण हात लांब करून मणक्यापासून ५० सेंटिमीटर अंतरावर धरले. भारभुजा बलभुजेच्या दहापट झाली. म्हणून स्नायूंनाही दहापट, म्हणजे २०० किलो वजनाइतका जोर लावावा लागतो. तेच ओझे २५ सेंटिमीटरवर आणले की हा जोर निम्मा होतो. शरीर पुढे झुकले असेल तर धडाचे स्वतःचे वजनही या हिशेबात मिळवावे लागते. हा सारा दाब मणक्यांच्या मधल्या गाद्यांवर पडतो. स्वीडनमधील शल्यचिकित्सक आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या या गाद्यांमध्ये बारीक सुई घालून आतील दाब मोजला. ताठ उभे राहिले असता जेवढा दाब असतो, त्याहून तो पुढे वाकून ओझे धरल्यावर पुष्कळच वाढतो, असे त्यांना आढळले.

आता त्या हमालकाकांची रीत का योग्य होती, हे तुमच्या ध्यानी येईल. गुडघ्यांत वाकल्याने ओझ्याजवळ जाता येते; पण खरे मर्म ओझे अंगाशी धरण्यात आहे. वाकलेल्या स्थितीत कंबर मुरडली की गादीवर दाबाबरोबर पीळही पडतो. म्हणून पावले वळवावयाची. वाट आधी पाहून ठेवावयाची, कारण ओझे हाती असताना पायाखालचे दिसत नाही. पकड पक्की हवी, कारण ओझे निसटू लागले की शरीर त्याला सावरण्यासाठी एकाएकी हिसका देते आणि त्या हिसक्यानेच इजा होते. दोघांनी मिळून उचलावयाचे असेल, तर एकानेच इशारा द्यावा आणि दोघांनी एकाच वेळी उचलावे. या गोष्टी कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी दाखवून, त्याच्याकडून करवून घेतल्या पाहिजेत. कारण सवय एकदा जडली की ती मोडणे कठीण.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कामगारांना ओझे उचलण्याचे शिक्षण देण्याचे प्रयोग जगात अनेक ठिकाणी झाले. अभ्यासकांनी २०११ साली त्यांचा एकत्र आढावा घेतला. तेव्हा नुसत्या सल्ल्याने आणि शिक्षणाने पाठदुखी टळते, असे काही दिसून आले नाही. याचा अर्थ शिक्षण व्यर्थ आहे, असा मात्र नव्हे. ओझे तेवढेच जड, घाई तेवढीच आणि जागा तेवढीच अडचणीची ठेवली, तर एकट्या शिक्षणाचा निभाव लागत नाही, असा त्याचा अर्थ. ब्रिटनमध्ये १९९२ साली केलेल्या नियमांत म्हणूनच एक क्रम घालून दिला आहे. धोक्याचे ओझे हाताने उचलणे शक्य तेथे टाळावे. ते टळत नसेल तर त्यातील धोका आधी तपासावा. आणि मग तो होईल तितका कमी करावा. ओझे लहान करणे, चाकांची गाडी देणे, माल कमरेच्या उंचीवर ठेवणे हे त्याचे मार्ग. शिकवणे हवेच, पण या उपायांच्या जोडीला, त्यांच्या ऐवजी नव्हे.

किती ओझे उचलणे योग्य, याचाही विचार झालेला आहे. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्यविषयक राष्ट्रीय संस्थेने १९९१ साली जे सूत्र मांडले, त्यात सर्व परिस्थिती अनुकूल असताना २३ किलो ही मर्यादा धरली आहे. ओझे अंगापासून जितके दूर, जितके खाली आणि जितक्या वेळा उचलावे लागेल, तितकी ही मर्यादा खाली येते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली या विषयावर एक करार संमत केला. ज्याच्या वजनामुळे आरोग्य धोक्यात येईल, असे ओझे कोणाही कामगाराला वाहावयास लावू नये आणि हलक्या ओझ्यांखेरीज इतर ओझी वाहणाऱ्याला कामाआधी पुरेसे शिक्षण द्यावे, असे त्यात म्हटले आहे. ओझ्याची मर्यादा आणि कामगाराचे शिक्षण या दोन्ही गोष्टी तेथे शेजारी शेजारी आल्या आहेत, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षीच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलो ही कमाल मर्यादा सुचवली होती. आपल्या देशातही, इजा होण्याचा संभव असेल असे ओझे कामगाराकडून उचलवून घेऊ नये, असे कलम १९४८ च्या कारखाने अधिनियमात होते.

परंतु बाजारातला हमाल कारखान्यात नसतो. त्याची दाद कोणी घ्यावी? महाराष्ट्रात या प्रश्नासाठी थोर माणसे झटली. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथ्यावर ओझे वाहणाऱ्या माथाडी कामगारांना संघटित केले, पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि त्यांच्या रोजगाराची व कल्याणाची व्यवस्था पाहणारी मंडळे त्यातून स्थापन झाली. पोत्याचे वजन कमी व्हावे, ही हमालांची जुनी मागणी. शंभर किलोच्या पोत्याऐवजी ५० किलोचे पोते आले, ते काही आपोआप आले नाही. पाठीवर ओझे घेणाऱ्यांनी तोंड उघडले, तेव्हा ते आले.

हे सारे उमगल्यावर मला मामांचे ते शब्द पुन्हा आठवले आणि या वेळी हायसे वाटले नाही. त्यांना रीत कोणी शिकवली होती? कोणीच नाही. दोन गठ्ठे एकदम उचलावे लागतील, अशी घाई कोणी केली? मी. मदतीला कोणाला हाक मारली? कोणालाही नाही. मी स्वतः दारात उभा होतो! मी मामांकडे जाऊन म्हणालो, “मामा, त्या दिवशीची चूक तुमची नव्हती, माझी होती.” मामा काहीच बोलले नाहीत. त्यांनी फक्त माझा हात हातात घेतला.

त्यानंतर मी पुस्तकांचे गठ्ठे लहान बांधून मागवू लागलो. शाळेसाठी दोन चाकांची हातगाडी घेतली आणि ओट्यावर पत्र्याचे छप्पर घातले. शाळेत कोणी नवा माणूस कामास आला की मामाच त्याला ओझे उचलण्याची रीत दाखवीत. “आधी डोळ्यांनी उचला,” असे ते सांगत. मामा निवृत्त होईपर्यंत आमच्या शाळेत पुन्हा कोणाची पाठ धरली नाही. मामांची पाठ मात्र पूर्ववत झाली नाही ती नाहीच. त्यांच्या घरची घागर पुढेही त्यांच्या पत्नीच आणीत राहिल्या.

मुलांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी ओझे उचलील आणि कोणी दुसऱ्याला उचलावयास सांगेल. उचलणाऱ्याने रीत शिकावी; सांगणाऱ्याने आधी ओझ्याकडे आणि मग माणसाकडे पाहावे. सामान भिजले तर वाळवता येते, फुटले तर नवे आणता येते. पण माणसाची पाठ एकदा गेली की ती बाजारात विकत मिळत नाही.

शब्दार्थ

मुकादम – कामगारांच्या टोळीचा प्रमुख
मटकन – एकदम अंग सैल सोडून
प्रांजळपणे – मोकळ्या व खऱ्या मनाने
मर्म – मुख्य तत्त्व
टेकू – तरफ ज्यावर फिरते तो आधार
भारभुजा – टेकूपासून भारापर्यंतचे अंतर
बलभुजा – टेकूपासून बलापर्यंतचे अंतर
पाठ धरणे – पाठीत उसण भरणे

स्वाध्याय

१. एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मामांना इजा कशी झाली?
(आ) वयस्क हमालांनी गठ्ठ्याला हात लावण्यापूर्वी काय केले?
(इ) महाराष्ट्रात माथाडी कामगारांसाठी कायदा कोणत्या साली झाला?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ओझे अंगाशी का धरावे, हे तरफेच्या आधारे स्पष्ट करा.
(आ) ‘शिक्षण हवेच, पण एकटे शिक्षण पुरत नाही,’ हे लेखकाने कसे पटवून दिले आहे?
(इ) मामांचे बोलणे ऐकून लेखकाला आधी हायसे का वाटले? पुढे त्यांचे मत का बदलले?

३. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा.
डोळे उघडणे, अंथरुणाला खिळणे, निभाव लागणे, दाद घेणे.

४. ‘ओझं हातांनी उचलण्याआधी डोळ्यांनी उचलावं’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.

५. उपक्रम : दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक असू नये, असे भारत सरकारच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणात म्हटले आहे. स्वतःचे व दप्तराचे वजन करून हिशेब मांडा. दप्तर जड असल्यास ते हलके कसे करता येईल, याची वर्गात चर्चा करा.